खाडीपलीकडची नोंद

परवा गणपतीत आम्ही सगळे न्हाव्याला जमलो होतो. आरती झाली, मोदक झाले, आणि धाकट्या भावानं मधेच विचारलं, "दादा, तू ती पीएसएची टेस्ट केलीस का रे?" असले विषय आमच्याकडे चारचौघांत निघत नाहीत. सगळे गप्प. मी "बघू" म्हणून वेळ मारून नेली. पण डोक्यातून जाईना, म्हणून लिहायला बसलो.

तात्यांचं सगळं घरच्यांना माहीत आहे, बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. तात्या माझे सख्खे काका. बंदरासाठी भातखाचरं गेली. 1989 मध्ये न्हावा शेवा बंदर सुरू झालं आणि तात्या एका कंटेनर यार्डात कंत्राटी वॉचमन म्हणून लागले. यार्डातल्या साहेबांची दरवर्षी तपासणी व्हायची, रक्त, ईसीजी, सगळं. गेटवरच्या माणसाची नाही. रात्री चार-चारदा उठावं लागायचं, ते वयावर ढकललं. पुढे कंबर धरली, तेव्हा एका डॉक्टरांनी सहा महिने मलम आणि गोळ्या दिल्या. 2011 मध्ये मोऱ्याहून लाँचनं भाऊचा धक्का, तिथून टॅक्सीनं परळ, असं करत त्यांना टाटा हॉस्पिटलात नेलं, तेव्हा प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांत उतरला होता.

केसपेपर करताना धर्म, मातृभाषा, पत्ता असं बरंच विचारलं. तात्या तेवढ्या दुखण्यातही हसून म्हणाले, "सोयरीक जुळवतायत की काय!"

त्या प्रश्नांचा इतिहास मला नंतर वाचनात सापडला. टाटा मेमोरियल सुरू झालं 1941 मध्ये. डॉ. जस्सावाला आणि नवल टाटा यांनी 1951 मध्ये इंडियन कॅन्सर सोसायटी काढली, आणि त्या सोसायटीनं 1963 मध्ये मुंबईत कॅन्सरची नोंदणी सुरू केली. लोकसंख्येवर आधारलेली देशातली ती पहिलीच. नोंदणीची माणसं हॉस्पिटलं पालथी घालायची, महापालिकेच्या मृत्यूनोंदी तपासायची. मग धर्म आणि भाषेप्रमाणे आकडे मांडले गेले. पारशी बायकांत स्तनाचा कॅन्सर जास्त, गर्भाशयाच्या मुखाचा कमी, असे मोठे फरक दिसले. एकाच शहरात, एकच पाणी पिऊन! लग्नाचं वय, मुलं किती, तंबाखू, शिक्षण... कारणं शोधायला ते आकडेच कामी आले.

पण ही नोंदणी बृहन्मुंबईत राहणाऱ्यांची. खाडीपलीकडून आलेला माणूस हॉस्पिटलच्या कागदात येतो, मुंबईच्या दरात धरला जात नाही. हिशोबाच्या दृष्टीनं ते बरोबरच आहे. पण तात्यांनी पत्ता 'न्हावा' सांगितला आणि ते त्या गणितातून बाहेर पडले, हे मला उगाचच लागलं. ग्रामीण भागाची पहिली नोंदणी 1987 मध्ये सुरू झाली, तीही तिकडे बार्शीला.

हे सगळं मी न्यूजर्सीच्या भाचीला फोनवर सांगत होतो. ती म्हणाली, मामा, इथे काळ्या लोकांचं असंच आहे. मग शोधलं. अमेरिकेत या कॅन्सरनं मरण्याचं प्रमाण काळ्या पुरुषांत गोऱ्यांच्या साधारण दुप्पट आहे. पीएसए हे रक्तातलं प्रथिन. 1986 मध्ये तिथे त्या चाचणीला मान्यता मिळाली ती झालेल्या रोगावर लक्ष ठेवायला, आणि 1994 मध्ये रोग शोधायला. पण चाचणीनं जीव किती वाचतात यावर वाद. 2009 मध्ये दोन मोठ्या प्रयोगांचे निकाल एकदमच आले, एक अमेरिकेचा, एक युरोपचा, आणि दोघांचे सूर वेगळे. अमेरिकेच्या प्रयोगात काळे पुरुष जेमतेम 4 टक्के. तरी 2012 मध्ये तिथल्या सरकारी तज्ज्ञ समितीनं सरसकट सगळ्यांनाच सांगितलं की ही चाचणी नको. 2018 मध्ये ते मत बदलून 55 ते 69 वयाच्या पुरुषांनी डॉक्टरांशी बोलून ठरवावं असं केलं. ज्यांना धोका जास्त तेच मोजणीत नव्हते, याला काय म्हणायचं?

मूळ दोष रक्तातच असेल, असं मलाही वाटायचं. काही भाग अनुवंशाचा असेलही, रोग होण्याचं प्रमाणच काळ्यांत जास्त आहे. पण 2020 मध्ये माजी सैनिकांवरचा एक अभ्यास आला, सुमारे 60 हजार रुग्णांचा. तिथल्या माजी सैनिकांच्या सरकारी दवाखान्यांत उपचार सगळ्यांना सारखे. तिथे निदान झाल्यावर काळ्यांचं मरण गोऱ्यांपेक्षा जास्त निघालं नाही. म्हणजे त्या दुपटीतला बराचसा भाग शरीराचा नाही, दाराचा आहे. कोण आत जातो, कधी जातो, त्याचा.

ते वाचलं आणि मला यार्डाचं गेट आठवलं.

तात्यांचं पुढे काय झालं? महिन्याच्या महिन्याला इंजेक्शनं परवडणारी नव्हती, म्हणून अंडकोष काढायचं ऑपरेशन केलं. (हे लिहू की नको, असं दोनदा वाटलं. पण त्यांनी ते लपवलं नव्हतं, मग मी का लपवू?) शिकागोच्या चार्ल्स हगिन्सनी हा उपाय 1941 मध्येच दाखवला होता, टाटा हॉस्पिटल उघडलं त्याच वर्षी, आणि पुढे 1966 मध्ये त्याच कामासाठी त्यांना नोबेल मिळालं. त्या जुन्या उपायानं तात्यांना जवळजवळ तीन वर्षं दिली. 2014 मध्ये ते गेले.

आता अटल सेतू झालाय. जानेवारी 2024 पासून इकडून शिवडीला वीस-पंचवीस मिनिटांत, आणि शिवडीहून परळ ते काय! तात्यांच्या वेळी ओहोटी असली की लाँच मोऱ्याच्या धक्क्याला लागायची नाही.

भावाचं म्हणणं, सख्ख्या काकांना होता, आपण दोघंही पंचावन्नच्या पुढचे. माझं म्हणणं, ही चाचणी कधी कधी नसता ससेमिरा मागे लावते. आयुष्यात त्रासच दिला नसता असा संथ कॅन्सरही सापडतो, मग बायोप्सी, मग ऑपरेशन, मग लघवीवर ताबा नाही. दोन्ही खरं आहे. आमच्या डॉक्टरांनी अर्धा तास ऐकून घेतलं. तात्यांसाठी असा अर्धा तास कुणी काढला नव्हता.

काल सकाळी रक्त देऊन आलो. रिपोर्ट शुक्रवारी मिळणार आहे.