रेल्वे आरक्षणाची पाच विदागारे आणि एक संकेतस्थळ

भारतीय रेल्वेच्या संगणकीय आरक्षणाचा विषय निघाला की २००२ सालच्या संकेतस्थळाचा उल्लेख प्रथम केला जातो. वस्तुतः मूळ प्रश्न संकेतस्थळाचा नव्हता. निरनिराळ्या शहरांतील विदागारे, म्हणजेच डेटाबेस, एकाच वेळी परस्परांशी कशी जोडावीत, हा तो प्रश्न होता.

१९८५ साली दिल्लीत सीएमसी या तत्कालीन सार्वजनिक कंपनीच्या ‘इम्प्रेस’ प्रणालीने संगणकीय आरक्षणास प्रारंभ झाला. पुढे मुंबई, कोलकाता, चेन्नई व सिकंदराबाद येथेही केंद्रे उभी राहिली. नोंदवह्या गेल्या, परंतु प्रत्येक विदागार आपापल्या प्रदेशातील गाड्यांपुरतेच होते. मुंबईच्या प्रवाशास दिल्लीला जाण्याची शायिका खिडकीवर तत्काळ मिळे. परतीच्या गाडीची नोंद मात्र दिल्लीच्या संगणकात असे आणि सर्वसामान्य खिडकीचा हात तेथवर पोहोचत नसे.

पाचही विदागारे एकत्र करणे हा वरवर पाहता सोपा उपाय. पण मग एक यंत्र बंद पडताच देशभरातील खिडक्या थांबल्या असत्या. १९८६ साली स्थापन झालेल्या ‘क्रिस’ या रेल्वेच्या संस्थेने ‘कॉन्सर्ट’ प्रणालीत निराळा मार्ग पत्करला. विदागारे जागच्या जागी राहिली. स्थानिक गाडीची मागणी स्थानिक केंद्रात, तर दूरच्या गाडीची मागणी त्या त्या केंद्राकडे वळविली जाऊ लागली. खरी कसोटी व्यवहाराच्या अखंडतेची होती. एकच शायिका दोघांना विकली जाऊ नये आणि दूरध्वनीवाहिनी मध्येच तुटली तर व्यवहार अर्धवट राहू नये. तो पूर्ण तरी व्हावा, नाहीतर मुळीच होऊ नये. एप्रिल १९९९ पर्यंत पाचही केंद्रे अशा रीतीने जोडली गेली.

ऑगस्ट २००२ मध्ये आयआरसीटीसीचे संकेतस्थळ आले ते या सिद्ध जाळ्याच्या आधारावर. शायिका काही क्षणांत निश्चित होई, कागदी तिकीट मात्र कुरियरने घरी येई. ई-तिकीट २००५ साली सुरू झाले. तथापि संकेतस्थळाने साखळीत आणखी एक दूरस्थ विदागार आणले, ते बँकेचे. रेल्वेच्या पाच केंद्रांमधील शिस्त बँकेस लागू नव्हती. परिणामी खात्यातून रक्कम वजा झाली, पण तिकीट निघाले नाही, हा अनुभव प्रवाशांच्या वाट्याला येऊ लागला. खिडकीवर रोख मोजून देणाऱ्यास तो कधीच आला नव्हता.