राणीच्या दिवाणखान्यातून विलेपार्ल्याच्या वस्तीत : मँडोलिनचा प्रवास

१/ मँडोलिन म्हटले की अनेकांच्या डोळ्यांसमोर ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’ (१९९५) या चित्रपटातील मोहरीचे शेत उभे राहते. हे वाद्य मात्र इटलीतील नेपल्स शहराचे. एकेकाळी राण्या आणि सरदारकन्या ते हौसेने वाजवीत. तेच वाद्य विलेपार्ल्यातील एका गरीब मराठी मुलाच्या उपजीविकेचे साधन कसे झाले, त्याची ही कथा.

२/ मँडोलिनला आजचे परिचित रूप अठराव्या शतकात नेपल्सच्या विनाच्चा घराण्यातील कारागिरांनी दिले. अर्ध्या भोपळ्यासारखी फुगीर पाठ, तारांच्या चार जोड्या आणि व्हायोलिनप्रमाणे स्वरमेळ, अशी त्याची रचना. एकोणिसाव्या शतकात पास्क्वाले विनाच्चाने त्यावर पोलादी तारा चढवल्या. त्यामुळे आवाज अधिक तेजस्वी झाला.

३/ तरीही एक उणीव राहिलीच. गजाने वाजणारा व्हायोलिनचा स्वर हवा तेवढा लांबवता येतो. नखीने छेडलेला मँडोलिनचा स्वर क्षणात विरतो. नेपल्सच्या वादकांनी यावर उपाय शोधला तो ‘ट्रेमोलो’चा. नखी तारेवर इतक्या वेगाने वर-खाली फिरवायची की सुटे आघात एकमेकांत मिसळून एकच थरथरता, सलग स्वर ऐकू यावा.

४/ या थरथरत्या स्वराला एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोठी मागणी आली. त्या काळी युरोपातील श्रीमंत घरांच्या ‘सलाँ’मध्ये, म्हणजे दिवाणखान्यात, निवडक पाहुण्यांसमोर छोट्या मैफली होत. पियानो किंवा गिटारच्या साथीने मँडोलिनवर प्रेमगीतांच्या चाली, वॉल्ट्झ आणि नावाड्यांच्या गीतांच्या धर्तीवरील रचना वाजत. विरह आणि अनुनय हे या संगीताचे आवडते भाव.

५/ मार्गेरिता पिझ्झा जिच्या नावाने ओळखला जातो, ती इटलीची राणी मार्गेरिता स्वतः मँडोलिन वाजवीत असे. राणीच्या आवडीमुळे हे वाद्य उच्चकुलीन स्त्रियांमध्ये प्रतिष्ठा पावले. नेपल्समध्ये जन्मलेल्या व्हित्तोरिओ माँती याची १९०४ च्या सुमारास आलेली ‘चार्दाश’ ही रचना आज व्हायोलिनवादक आवडीने वाजवतात. तीही व्हायोलिनबरोबर मँडोलिनसाठी लिहिली गेली होती.

६/ पुढे हे वाद्य आशियातही ऐकू येऊ लागले. नेपल्सचा वादक, संगीतकार आणि वाद्यनिर्माता रफाएले कालाचे १९२० च्या दशकात जपानच्या दौऱ्यावर गेला आणि तेथे मँडोलिनचा मोठा चाहतावर्ग निर्माण झाला. मुंबईत या वाद्याला जागा मिळाली ती मुख्यतः चित्रपटांच्या वाद्यवृंदात.

७/ येथे मात्र त्याची वेगळीच परीक्षा होती. हिंदुस्थानी संगीतात एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड हवी. मँडोलिनच्या पट्टीवर तर धातूचे पक्के पडदे. प्रत्येक स्वर आपल्या घरात बंदिस्त. शिवाय सतारीप्रमाणे तार ओढावी, तर येथे जोडीतील दोन्ही ताठ तारा एकदम ओढाव्या लागतात. ट्रेमोलोने स्वर लांबला, पण वळला नाही.

८/ ही अडचण ज्यांनी जिद्दीने ओलांडली, त्यांत अग्रणी सज्जाद हुसेन (१९१७–१९९५). जन्म सीतामऊचा. वडिलांकडून सतार शिकलेला हा तरुण १९३७ मध्ये मुंबईला आला. ‘संगदिल’ (१९५२), ‘रुस्तम सोहराब’ (१९६३) अशा चित्रपटांचे संगीतकार म्हणून त्यांची कीर्ती आहेच. पण मँडोलिनवर त्यांनी हिंदुस्थानी राग वाजवले, ही त्यांची खरी झेप.

९/ त्याच १९३७ साली, ऐन लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, लक्ष्मीकांत शांताराम कुडाळकर यांचा जन्म झाला. बालपण विलेपार्ल्याच्या गरीब वस्तीत गेले. वडील लवकर वारले, शाळा अर्धवट सुटली. वडिलांच्या एका संगीतकार मित्राने सुचवले, मुलांना वाद्य शिकवा. थोरल्या भावाने तबला घेतला आणि लक्ष्मीकांतांनी मँडोलिन. हुसेन अली यांच्याकडे ते शिकले.

१०/ दहाएक वर्षांचे असताना कुलाब्याच्या रेडिओ क्लबमध्ये लता मंगेशकर यांच्या कार्यक्रमात त्यांनी मँडोलिन वाजवले. मुलाचा हात पाहून लताबाई प्रभावित झाल्या. पुढे मंगेशकर कुटुंबाच्या सुरील कला केंद्रात लक्ष्मीकांतांची व्हायोलिन वाजवणाऱ्या प्यारेलाल शर्मांशी गाठ पडली. दोघांच्या घरची परिस्थिती जाणून लताबाईंनी नौशाद, सचिनदेव बर्मन, सी. रामचंद्र यांच्याकडे त्यांची नावे सुचवली.

११/ प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू अँथनी गोन्साल्विस हे गोव्यातील माजोर्ड्याचे. गोव्यात चर्चशी जोडलेल्या शाळांतून मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवले जाई. मुंबईच्या वाद्यवृंदांना अनेक वादक मिळाले ते याच परंपरेतून. ‘पारसमणी’पासून (१९६३) नावारूपाला आलेल्या लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीने पुढे सुमारे पाचशे चित्रपटांना संगीत दिले.

१२/ दक्षिणेत यू. श्रीनिवास (१९६९–२०१४) यांनी निराळा मार्ग धरला. त्यांनी जोडतारा काढून पाच एकेरी तारांचे विद्युत मँडोलिन वापरले आणि त्यावर कर्नाटक संगीतातील गमक उमटवले. सज्जाद यांनी हात बदलला, श्रीनिवास यांनी वाद्यच बदलले.

१३/ बुलढाणा जिल्ह्यातील धाडसारख्या गावात इटालियन सलाँ कधी असण्याचे कारण नव्हते. मँडोलिन अशा गावांत आले ते गाण्यांच्या दोन कडव्यांमध्ये दडून. १९५२ मध्ये रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली, १९५७ मध्ये विविध भारती आली, आणि नेपल्सचा तो थरथरता स्वर ओसरीवरच्या रेडिओतून ऐकू येऊ लागला.

१४/ त्या तबकड्यांवर गायक, संगीतकार आणि चित्रपट यांची नावे असत. मँडोलिन कोणी वाजवले, हे बहुधा छापले जात नसे. लक्ष्मीकांत संगीतकार झाले म्हणून त्यांचे नाव उरले. त्यांच्यासारखेच रोजंदारीवर वाजवणारे कितीतरी हात निनावी राहिले. जुने गाणे लागले की कडव्यांमधल्या त्या आठ तारांकडे एकदा कान द्यावा. त्या वादकांची खूण आता तेवढीच आहे.