वेताळ : दंतकथा आणि चित्रकथा

भुतांचा राजा मानला गेलेला वेताळ अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील लोकश्रद्धेत नाथपंथाच्या अंगाने येतो. पाथर्डी तालुक्यातील मढी येथे कानिफनाथांची समाधी असून रंगपंचमीला तेथे मोठी यात्रा भरते. घरोघर पारायण होणाऱ्या धुंडीसुत मालूकृत ‘नवनाथ भक्तिसार’ या ४० अध्यायी ग्रंथात मच्छिंद्रनाथ मंत्रबळाने वेताळाला वश करतात.

मुंजा पिंपळावर राहतो, चकवा वाट चुकवतो, हडळ झपाटते. वेताळ मात्र झपाटणाऱ्यांचा धनी. अमावास्येच्या रात्री तो भूतगणांसह मशाली घेऊन पालखीत निघतो, अशी समजूत आहे. महाराष्ट्रात अनेक गावांच्या वेशीबाहेर शेंदूर फासलेला त्याचा तांदळा दिसतो. नारळ फुटतो तो भीतीपोटी आणि राखणीच्या भरवशावरही. वेताळाचे मोठेपण या राखणदारीत आहे.

चित्रकथेत त्याची दोन रूपे झाली. ‘चांदोबा’ मासिकात शंकर यांच्या चित्रांतला विक्रमाच्या खांद्यावरचा वेताळ घराघरांत पोचला. दुसरा वेताळ म्हणजे ली फॉक यांचा १९३६ मधला ‘फँटम’. १९६४ पासून निघालेल्या इंद्रजाल कॉमिक्समधून तो मराठीत आला. हा भूत नव्हेच. बापाकडून मुलाकडे वारसा जातो आणि जग त्याला अमर समजते. तोही रक्षकच.

भूत-वेताळावर लोकश्रद्धा असली, तरी भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने महाराष्ट्रात गुन्हा आहे.