शाळेच्या भिंती कोणाच्या?

गेल्या पावसाळ्यात चौथीचा वर्ग गळू लागला, तेव्हा मी मुलांना घेऊन मारुतीच्या देवळात बसलो. वरच्या कचेरीत अर्ज गेला होता, उत्तर नव्हते. देवळात एका म्हाताऱ्याने विचारले, "गुरुजी, शाळा सरकारची की आमची?" प्रश्न साधा, पण त्याचे उत्तर दीडशे वर्षे शोधले जात आहे.

पूर्वी शाळा भरे ती देवळात, चावडीत किंवा कोणाच्या ओसरीवर. मुंबई इलाख्यात १८६० नंतर शेतसाऱ्याच्या रुपयामागे एक आणा लोकल फंड बसला. त्यातला तिसरा हिस्सा शाळांचा, बाकीचा मुख्यतः रस्त्यांचा. म्हणजे शाळेची वीट कुणब्याच्या गाठीची! १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी गाऱ्हाणे मांडले, की पैसा रयतेचा आणि विद्येचा लाभ वरच्या वर्गांना. त्याच वर्षी लॉर्ड रिपनने स्थानिक स्वराज्याचा ठराव केला. १८८४ च्या कायद्याने लोकल बोर्डांची नवी घडी बसली, आणि प्राथमिक शाळांचा भार त्यांच्या खांद्यावर आला.

१९२१ मध्ये द्विदल राज्यपद्धती आली. शिक्षण हिंदी मंत्र्याच्या हाती आले. मुंबईत ते रँग्लर परांजप्यांकडे गेले. तिजोरी मात्र गव्हर्नरच्या राखीव खात्यांत राहिली. १९२३ च्या कायद्याने प्राथमिक शाळा स्थानिक संस्थांकडे सोपवल्या. १९६२ च्या महाराष्ट्रदिनी जिल्हा परिषदा आल्या, शाळा त्यांच्याकडे गेल्या. पण परिषदांची भिस्त राज्याच्या अनुदानावर. २००१ नंतर सर्व शिक्षा अभियानातून वर्गखोल्यांसाठी दिल्लीचा पैसाही आला.

जबाबदारी पायरी पायरीने खाली उतरली. तिजोरीची किल्ली मात्र वरच राहिली.

तरीही ही वाटणी व्यर्थ गेली, असे मी म्हणणार नाही. कलेक्टराच्या बंगल्यावर आमच्या म्हाताऱ्याचा आजा गेला नसता. आमच्या गटातून निवडून आलेला सदस्य मात्र दुसऱ्याच आठवड्यात देवळात आला, कारण त्याची नात माझ्या वर्गात होती. पत्रे दिवाळीपूर्वी बसली. निम्मी अनुदानाची, निम्मी गावाच्या वर्गणीची.

म्हाताऱ्याने दहा रुपये दिले. पावती मागितली नाही. पण नव्या पत्र्याखाली उभा राहून त्याने वर पाहिले, आणि त्याचा प्रश्न त्याने पुन्हा विचारला नाही.