उडीपूर्व परस्पर तपासणी

विमानातून पॅराशूट घेऊन उडी मारणारे स्कायडायव्हर दार उघडण्याआधी एकमेकांच्या साधनांवर जी शेवटची नजर टाकतात आणि हात फिरवतात, ती उडीपूर्व परस्पर तपासणी. उड्डाणतळावर तिला ‘गिअर चेक’ किंवा नुसते ‘पिन चेक’ म्हणतात. रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर स्कायडायव्हिंगचा कायमचा तळ नाही. पण पॅराशूट, पट्टे, बकले आणि दोर यांच्या भरवशावर जमीन सोडणारी माणसे वरसोली, नागाव, काशीद, मुरूडच्या वाळूवर सुट्टीच्या दिवशी दिसतात. म्हणून या नोंदीत पॅरासेलिंगचाही, म्हणजे पॅराशूटला बांधून दोराने ओढत हवेत उचलण्याच्या खेळाचाही, विचार केला आहे.

या तपासणीचे मूळ कारण साधे आहे. पॅराशूट पाठीवर असते आणि स्वतःची पाठ स्वतःला दिसत नाही. पाठीवरच्या पिशवीत दोन पॅराशूट असतात, खाली मुख्य आणि वर राखीव. मुख्य पॅराशूटचा कप्पा दोरीच्या एका लहान फासातून सरकवलेल्या धातूच्या पिनेने बंद ठेवलेला असतो. उडी मारणारा पायलट चूट नावाचे छोटे पॅराशूट हवेत फेकतो, ते पट्टी ओढते, पट्टी पिन खेचते आणि कप्पा उघडतो. ही पिन जमिनीवर नीट बसलेली असली तरी विमानात दहा-पंधरा मिनिटे दाटीवाटीने, एकमेकांच्या गुडघ्यांत पाठ टेकून बसावे लागते. सरकताना, वळताना, उठताना पिशवी कशावर तरी घासते आणि पिन अर्धी बाहेर येऊ शकते. दाराशी असताना पॅराशूट अवेळी सुटले तर माणूस विमानाच्या शेपटीवर आदळण्याची भीती असते, आणि त्याच्यासोबत विमानातले सगळेच धोक्यात येतात. म्हणूनच जमिनीवर एकदा तपासून झाल्यावरही वर गेल्यावर पुन्हा बघायचे, हा नियम. साधन अंगावर चढवण्यापूर्वी, विमानात बसण्यापूर्वी आणि उडीपूर्वी अशी तीन वेळची तपासणी सर्वत्र शिकवली जाते. त्यांतली तिसरी सर्वांत घाईची असते, आणि ती टाळण्याचा मोहही सर्वांत जास्त होतो.

ती होते अशी. विमान ठरलेल्या उंचीच्या जवळ आले की एकजण शेजाऱ्याला पाठ देतो आणि पिन बघायला सांगतो. न विचारता कोणी कोणाच्या साधनाला हात लावत नाही, कारण चुकीच्या ठिकाणी लागलेला हातही धोक्याचा असतो. बघणारा वरची झडप उचलतो आणि राखीव पॅराशूटची पिन पाहतो. मग खालची झडप उचलतो. पिन फासातून पूर्ण आत गेली आहे का, फास झिजून त्याचे धागे सुटले आहेत का, पट्टी कुठे अडकलेली तर नाही, पायलट चूट आपल्या खिशात पूर्ण आत आहे का, हे पाहून झडपा पुन्हा दाबून बसवतो आणि खांद्यावर थाप मारतो. मग पाठीची अदलाबदल. सगळ्याला अर्धे मिनिटही लागत नाही.

पुढची बाजू ज्याची त्याला दिसते, तरी तीही समोरच्याने पाहायची असते. छातीचा पट्टा हे त्याचे चांगले उदाहरण आहे. हा पट्टा बकलातून नेऊन, उलटा वळवून पुन्हा बकलातून घ्यावा लागतो. तो एकदाच ओवला तर लांबून अगदी बरोबर दिसतो आणि उभ्याने हलकासा ताणही सोसतो. पॅराशूट उघडतानाच्या हिसक्याला मात्र सरकन सुटतो. त्यामुळे पट्टा नुसता पाहून भागत नाही, त्याचे टोक बोटाने ओढून बघावे लागते. मांड्यांचे दोन पट्टेही तसेच. खांद्याजवळ तीन कड्यांची रचना असते. मुख्य पॅराशूट बिघडले तर ते तोडून टाकण्यासाठी ती वापरतात. प्रत्येक कडे फक्त आपल्या शेजारच्या मोठ्या कड्यातून गेलेले हवे आणि शेवटच्या छोट्या फासातून पिवळी तार आरपार गेलेली हवी. उजवीकडची मुख्य पॅराशूट तोडण्याची मूठ आणि डावीकडची राखीव पॅराशूटची मूठ जागेवर आहे ना, कपड्याखाली दबलेली नाही ना, हेही पाहतात.

राखीव पॅराशूट आपोआप उघडणारे यंत्रही या तपासणीत येते. १९९१ मध्ये जर्मनीत तयार झालेल्या सायप्रेस या यंत्राने खेळाची सुरक्षितता पालटली. अनुभवी उडीवाल्यांसाठीचा त्याचा प्रकार साधारण ७५० फुटांवर माणूस अजूनही ताशी सुमारे १२५ किलोमीटरहून अधिक वेगाने पडत असेल, तर राखीव पॅराशूटच्या पिशवीचा फास कापतो. पण ते जमिनीवरच सुरू करावे लागते, कारण तिथल्या हवेच्या दाबावरून ते उंची मोजते. विमानात गेल्यावर ते बंद असल्याचे कळले तर उडी न मारता विमानासोबत खाली येणे हाच मार्ग. असे खाली येणाऱ्याला कोणी हसत नाही, ही या खेळाची फार चांगली रीत आहे.

नजर फसते याचे सर्वांत विदारक उदाहरण अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनाचे आहे. २ एप्रिल १९८८ रोजी शेकडो उड्यांचा अनुभव असलेला एक छायाचित्रणकार इतरांची उडी टिपण्यासाठी विमानाबाहेर पडला, आणि त्याच्या पाठीवर पॅराशूटच नव्हते. त्या काळची व्हिडिओ सामग्री बोजड असे आणि तिचे ओझे त्याच्या अंगावर होते. विमानात सोबत बसलेल्यांपैकी कोणालाही काही कमी आहे असे वाटले नाही. त्याच्या पाठीला एकदा कोणी हात लावला असता, तर तो वाचला असता. अनुभवी माणसाला काय तपासायचे, हा संकोच या खेळात घातक ठरतो. नव्या माणसाने जुन्याच्या साधनातला दोष दाखवला तर जुन्याने आभार मानायचे, असे शिकवले जाते ते याचसाठी.

सैन्यात हीच गोष्ट संकोचावर सोडलेली नाही, ती हुकमाने होते. लष्करी पॅराशूटधारीचे पॅराशूट उघडणारी दोरी विमानातल्या तारेला अडकवलेली असते. उडीआधी रांगेतला प्रत्येकजण आपल्या पुढच्याची पाठ, दोरी आणि अडकवणी तपासतो. शेवटच्या माणसाची पाठ मात्र त्याच्या पुढचा वळून पाहतो. मग मागून पुढे ‘ठीक’ असल्याची खूण येत राहते. मराठी माणसाचा या रांगेशी जुना संबंध आहे. मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी पलटण दुसऱ्या महायुद्धानंतर पॅराशूट पलटण झाली आणि १९५२ मध्ये पॅराशूट रेजिमेंटची दुसरी पलटण, २ पॅरा (मराठा), म्हणून ओळखली जाऊ लागली. बांगलादेशच्या युद्धात ११ डिसेंबर १९७१ च्या दुपारी हीच पलटण तिथल्या टांगाईलला उतरली. पॅकेट, डाकोटा, अँटोनोव्ह आणि कॅरिबू विमानांतून उड्या पडल्या, त्याच संध्याकाळी पुंगलीचा पूल ताब्यात आला आणि १६ डिसेंबरला ढाक्यात शिरणाऱ्या पहिल्या तुकड्यांत ही पलटण होती. त्या विमानांत पुढच्याची पाठ तपासणाऱ्या हातांत मराठी घरांतले हातही होते.

खेळ म्हणून हा विषय महाराष्ट्राच्या घराघरांत पोचला तो पुण्याच्या शीतल महाजन यांच्यामुळे. १८ एप्रिल २००४ रोजी त्यांनी उत्तर ध्रुवावर सुमारे २,४०० फुटांवरून आयुष्यातली पहिलीच उडी घेतली. डिसेंबर २००६ मध्ये त्यांनी अंटार्क्टिकावर उडी मारली, तर २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. फेब्रुवारी २०१८ मध्ये थायलंडमधल्या पट्टायाजवळ त्या सव्वाआठ मीटरची नऊवारी नेसून सुमारे १३,००० फुटांवरून उतरल्या. साधनांच्या दृष्टीने ही उडी विशेष आहे. नऊवारीच्या काष्ट्यामुळे पाय मोकळे राहतात आणि मांड्यांचे पट्टे नीट बसू शकतात. गोल नेसलेल्या साडीत ते जमले नसते. पण पदर सुटून मुठीवर आला किंवा पायलट चूटमध्ये गुंतला, तर तीच साडी जिवावर बेतू शकते. अशा पोशाखात दुसऱ्याच्या नजरेची गरज किती पटींनी वाढत असेल, हे कोणत्याही मराठी घरात समजेल. लग्नात पाठराखीण नवरीचा पदर सावरते, तेच काम इथे जीव वाचवण्यासाठी करायचे असते.

आता रायगडचा किनारा. पॅरासेलिंगची कल्पना १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रान्समधल्या पियेर लेमॉन्य यांच्या वर चढणाऱ्या पॅराशूटपासून आली. रायगडात बोटीने समुद्रावर, तर काही किनाऱ्यांवर जीपने वाळूवर ओढून माणूस उचलला जातो. स्कायडायव्हरकडे राखीव पॅराशूट असते, पॅरासेलिंगच्या पर्यटकाकडे ते नसते. तो एका दोराच्या, पट्ट्यांच्या एका जोडणीच्या आणि पाण्यावर असेल तर अंगावरच्या लाइफ जॅकेटच्या भरवशावर असतो. वाळूवरून ओढलेल्या दोरात कण शिरतात आणि ते आतून धागे कापत राहतात. खारे पाणी आणि ऊन त्यात भर घालते. दोर बहुधा गाठीपाशी तुटतो, कारण साधी बोलाइन गाठसुद्धा दोराची ताकद साधारण एक तृतीयांशाने कमी करते. म्हणून चांगला बोटवाला ठरावीक काळाने दोराचे टोक कापून गाठ नव्या जागी बांधतो.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. कोकणात सकाळी मतलई वारे ओसरतात आणि दुपार चढत जाते तसे खारे वारे जोर धरतात. शनिवार-रविवारी मांडव्याच्या धक्क्यावर उतरून अलिबागकडे येणारी गर्दीही त्याच वेळी किनाऱ्यावर पोचते. जोराचा खारा वारा सुटलेल्या पॅराशूटला जमिनीकडे, सुरूच्या बनाकडे आणि विजेच्या तारांकडे ढकलतो. जमिनीवर पडणे पाण्यात पडण्यापेक्षा केव्हाही वाईट. २०२१ च्या अखेरीस वरसोलीच्या समुद्रावर दोर तुटून दोन महिला पाण्यात पडल्या. त्यांच्या अंगावर लाइफ जॅकेट होती आणि त्या वाचल्या. त्याच सुमारास दीवच्या नागोवा किनाऱ्यावर अशाच प्रकारे दोर तुटून पडलेले एक जोडपेही लाइफ जॅकेटमुळेच सुखरूप राहिले.

राज्य शासनाने ऑगस्ट २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर केले, तर जलक्रीडांना परवानगी महाराष्ट्र सागरी मंडळ देते. कागद गरजेचाच आहे. पण रांगेतला पर्यटक त्या कागदाने तपासला जात नाही. त्याला पाठीमागे काय बांधले ते ठाऊक नसते, आणि त्याच्या मागे उभ्या बायकोला किंवा मित्राला ते पुरेपूर दिसत असते. मांडीचा पट्टा पिळलेला आहे का, बकलातून तो उलटा वळवून घेतला आहे का, जॅकेटच्या तिन्ही क्लिपा लागल्या आहेत का, ओढणी किंवा स्कार्फ दोराजवळ लोंबतो का, दोराची गाठ झिजलेली दिसते का, हे सांगायला प्रशिक्षण लागत नाही. बोटवाल्याने खूण करण्याआधी मागच्या माणसाने ‘थांबा, हा पट्टा बघा’ म्हणायला हवे, आणि असे म्हणणाऱ्याला किनाऱ्यावर कोणी घाबरट म्हणता कामा नये. एक फेरी संपल्यावर दोर पुन्हा वाळूवर पसरला जातो, आणि पुढचा माणूस बांधला जाईपर्यंत ती गाठ रांगेतल्या लोकांच्या पायांजवळच पडलेली असते.