नेटवर्कद्वारे संगणकीय घड्याळांची जुळणी

नेटवर्कद्वारे संगणकीय घड्याळांची जुळणी म्हणजे संगणकाचे अंतर्गत घड्याळ हाताने न लावता, नेटवर्कवरून मिळणाऱ्या प्रमाण वेळेशी ते आपोआप व वारंवार जुळत राहील अशी केलेली व्यवस्था होय. यासाठी जगभर प्रामुख्याने 'नेटवर्क टाइम प्रोटोकॉल' अर्थात एनटीपी ही नियमावली वापरली जाते. अमेरिकेतील डेलावेअर विद्यापीठातील संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड मिल्स यांनी ती विकसित केली. तिचा पहिला जाहीर मसुदा १९८५ मध्ये आणि सध्या प्रचलित असलेली चौथी आवृत्ती २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. भारतात प्रमाणवेळ राखण्याचे काम नवी दिल्ली येथील राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा करते.

या विषयात दोन गोष्टी वेगळ्या ओळखाव्या लागतात. अनेक घड्याळे आपसांत जुळलेली असणे ही एक, आणि ती प्रमाण वेळेशी जुळलेली असणे ही दुसरी. पहिली साधली म्हणजे दुसरी साधलीच असे होत नाही.

गरज

संगणकातील घड्याळ क्वार्ट्झ स्फटिकाच्या कंपनांवर चालते. तापमान व स्फटिकाचे वय यांनुसार या कंपनांचा वेग किंचित बदलतो. दहा लाखांत वीस भाग एवढी चूक असलेले घड्याळ दिवसाला सुमारे १.७ सेकंद, तर महिन्याला सुमारे ५२ सेकंद पुढे जाते किंवा मागे पडते. संगणक बंद असताना हे घड्याळ एका छोट्या गोल बॅटरीवर चालते. ती संपल्यास संगणक सुरू होताना कित्येक वर्षे जुनी तारीख दाखवतो. अशा वेळी सुरक्षित संकेतस्थळे उघडत नाहीत, कारण त्यांच्या प्रमाणपत्रांची मुदत संगणक स्वतःच्या तारखेनुसार तपासतो. दर ३० सेकंदांनी बदलणारे सांकेतिक अंक वापरणारी ओळख-पडताळणीही घड्याळ चुकल्यास फसते.

दोन ठिकाणच्या नोंदींची तुलना करायची असेल तेव्हा घड्याळांची जुळणी निर्णायक ठरते. रायगड जिल्ह्यातील खालापूर तालुक्यातून जाणाऱ्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर वाहनांचा सरासरी वेग मोजण्याची पद्धत अवलंबण्यात आली आहे. या पद्धतीत वाहन एका कॅमेऱ्यापासून दुसऱ्या कॅमेऱ्यापर्यंत किती वेळात पोहोचले, यावरून वेग काढतात. समजा, दोन कॅमेऱ्यांमधील अंतर ५ किलोमीटर आहे आणि वाहन ताशी १०० किलोमीटर वेगाने जात आहे. त्याला हे अंतर कापण्यास १८० सेकंद लागतील. दुसऱ्या कॅमेऱ्याचे घड्याळ १० सेकंद मागे असेल, तर नोंद १७० सेकंदांची होईल आणि वेग ताशी सुमारे १०६ किलोमीटर निघेल. ते १० सेकंद पुढे असेल, तर तोच वेग सुमारे ९५ भरेल. वाहनचालकाने काहीही वेगळे केलेले नसताना एका नोंदीत तो दोषी आणि दुसरीत निर्दोष ठरू शकतो.

या गणितासाठी दोन्ही घड्याळे आपसांत जुळलेली असणे पुरेसे आहे. मात्र तीच नोंद पथकर नाक्यावरील व्यवहाराशी, दूरध्वनीच्या तपशिलाशी किंवा रुग्णालयातील नोंदीशी ताडून पाहायची झाल्यास सर्व घड्याळे एकाच प्रमाण वेळेला बांधलेली असावी लागतात.

पूर्वपीठिका

एकाच ठिकाणी दोन वेळा चालण्याचा अनुभव या प्रदेशाला संगणकापूर्वीही होता. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग १८५६ मध्ये खोपोलीपर्यंत पोहोचला आणि १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे वाहतूक सुरू झाली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेल्वेचा कारभार मद्रास वेळेनुसार चालू लागला. मुंबईची स्थानिक वेळ मात्र तिच्यापेक्षा सुमारे अर्धा तास मागे होती. शहरातील घड्याळे एकमेकांशी जुळत असली, तरी ती रेल्वेशी जुळत नसत.

१ जानेवारी १९०६ पासून ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावर आधारित भारतीय प्रमाणवेळ लागू झाली. ही वेळ ग्रिनिच वेळेपेक्षा साडेपाच तास, तर मुंबईच्या स्थानिक वेळेपेक्षा ३९ मिनिटे पुढे आहे. मुंबईत हा बदल सहजासहजी स्वीकारला गेला नाही. 'मुंबई वेळ' तेथे १९५५ पर्यंत टिकून राहिली.

कार्यपद्धती

एनटीपीमध्ये वेळ विचारणाऱ्या संगणकास ग्राहक आणि वेळ सांगणाऱ्या संगणकास सर्व्हर म्हणतात. नुसती वेळ विचारून भागत नाही, कारण उत्तर वाटेत असतानाही काळ पुढे सरकतो. म्हणून प्रत्येक देवाणघेवाणीत चार क्षण नोंदवले जातात: ग्राहकाने विचारणा पाठवली तो क्षण (क), सर्व्हरला ती मिळाली तो क्षण (ख), सर्व्हरने उत्तर पाठवले तो क्षण (ग) आणि ग्राहकाला उत्तर मिळाले तो क्षण (घ).

घड्याळातील फरक = [(ख − क) + (ग − घ)] ÷ २
प्रवासास लागलेला वेळ = (घ − क) − (ग − ख)

उदाहरणार्थ, ग्राहकाने स्वतःच्या घड्याळात १० वाजून ०.००० सेकंद झाले असताना विचारणा पाठवली. सर्व्हरच्या घड्याळानुसार ती १० वाजून ५.०४० सेकंदांनी पोहोचली व उत्तर ५.०५० सेकंदांनी निघाले. ग्राहकाला ते स्वतःच्या घड्याळानुसार ०.०९० सेकंदांनी मिळाले. सूत्रानुसार प्रवासास ०.०८० सेकंद लागले आणि ग्राहकाचे घड्याळ नेमके ५ सेकंद मागे आहे. या हिशेबात जाण्यास व येण्यास सारखाच वेळ लागला असे गृहीत धरलेले असते. तसे नसल्यास त्या तफावतीच्या निम्मी चूक उरते.

फरक लहान असल्यास घड्याळाचा वेग किंचित कमी-जास्त करून तो हळूहळू भरून काढला जातो. एनटीपीच्या मूळ प्रणालीत फरक ०.१२८ सेकंदांपेक्षा अधिक व टिकून राहणारा असल्यास घड्याळ एकदम नव्या वेळेवर नेले जाते. तो १००० सेकंदांहून अधिक असल्यास प्रणाली वेळ न बदलता थांबते, कारण एवढी मोठी तफावत माणसाने तपासावी अशी अपेक्षा असते.

स्तररचना

वेळेचे स्रोत स्तरांत मांडलेले असतात. आण्विक घड्याळ किंवा उपग्रहाकडून वेळ घेणारे उपकरण शून्य स्तरावर मानतात. त्याला थेट जोडलेला सर्व्हर पहिल्या स्तरावर, त्याच्याकडून वेळ घेणारा दुसऱ्या स्तरावर, अशी ही उतरंड पंधराव्या स्तरापर्यंत जाते. सोळा हा अंक घड्याळ जुळलेले नसल्याचे दर्शवतो. स्तर हा स्रोतापासूनचे अंतर सांगतो. तो अचूकतेची हमी देत नाही.

प्रसारण पद्धत

नेहमीच्या पद्धतीत प्रत्येक ग्राहक स्वतंत्रपणे वेळ विचारतो. प्रसारण पद्धतीत सर्व्हर ठरावीक कालांतराने, सामान्यतः दर ६४ सेकंदांनी, संपूर्ण स्थानिक नेटवर्कला उद्देशून वेळ जाहीर करतो व ग्राहक ती ऐकतात. आकाशवाणीच्या वेळेवर घरातील घड्याळ लावून घेण्यासारखीच ही रीत आहे. ग्राहक प्रारंभी सर्व्हरशी थोडी देवाणघेवाण करून प्रवासास लागणारा वेळ मोजतो आणि त्यानंतर केवळ ऐकत राहतो. असे प्रसारण सहसा राउटरच्या पलीकडे जात नाही. निवडक गटासाठी प्रसारण करायचे झाल्यास २२४.०.१.१ हा पत्ता एनटीपीसाठी राखून ठेवलेला आहे.

शिळफाटा किंवा खोपोली परिसरातील एखाद्या शाळेच्या संगणक कक्षात वीस संगणक आहेत व इंटरनेट मधूनमधून खंडित होते, असे मानल्यास या पद्धतीचा उपयोग ध्यानात येतो. एका संगणकाने बाहेरून वेळ घ्यावी व ती कक्षात प्रसारित करावी, अशी योजना करता येते. जोडणी तुटल्यावर हा संगणक स्वतःच्या स्फटिकावर चालून वेळ देत राहील अशी तरतूद केल्यास वीसही घड्याळे एकसारखी राहतात. मात्र अशा स्थितीत ती सर्व मिळून प्रमाण वेळेपासून हळूहळू दूर जात असतात आणि कक्षातील कोणत्याही संगणकाकडे पाहून ते उमगत नाही.

संगणकावरील मांडणी

१. प्रथम कालविभाग निवडावा. एनटीपी केवळ जागतिक समन्वित वेळ पुरवते. तिच्यात साडेपाच तास मिळवण्याचे काम संगणक स्वतः करतो. त्यासाठी लिनक्समध्ये 'एशिया/कोलकाता' हा विभाग निवडतात.

२. विंडोजमध्ये 'सेटिंग्ज'मधील तारीख व वेळ या विभागात वेळ आपोआप लावण्याचा पर्याय सुरू करता येतो. सर्व्हरचे नाव 'कंट्रोल पॅनल'मधील इंटरनेट वेळेच्या पानावर बदलता येते. विंडोजची अंगभूत सेवा एनटीपी प्रसारणाकडे लक्ष देत नाही, त्यामुळे तेथे सर्व्हरचे नाव द्यावेच लागते.

३. लिनक्समध्ये 'क्रोनी' किंवा 'एनटीपीडी' ही प्रणाली वापरतात. तिच्या मांडणीच्या फाइलमध्ये प्रत्येक स्रोतासाठी 'सर्व्हर' या शब्दाने सुरू होणारी ओळ लिहितात. क्रोनी प्रसारण पाठवू शकते, परंतु ऐकणारा ग्राहक म्हणून काम करत नाही.

४. एनटीपीडीमध्ये प्रसारण करणाऱ्या संगणकावर 'ब्रॉडकास्ट' या शब्दापुढे नेटवर्कचा प्रसारण पत्ता लिहितात, तर ऐकणाऱ्या संगणकांवर 'ब्रॉडकास्टक्लायंट' ही ओळ घालतात.

५. यूडीपी १२३ हे द्वार अग्निभिंतीत खुले असावे लागते.

६. शेवटी स्रोत, स्तर व फरक तपासावा. एकाऐवजी किमान चार स्रोत दिल्यास त्यांपैकी एखादा चुकला तरी प्रणाली त्याला ओळखून वगळू शकते. दोनच स्रोत असतील व त्यांच्यात तफावत असेल, तर खरा कोणता हे ठरवता येत नाही.

भारतातील स्रोत व नियम

राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा आण्विक घड्याळांच्या साहाय्याने भारतीय प्रमाणवेळ राखते व एनटीपी सर्व्हरद्वारे ती उपलब्ध करून देते. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचेही 'समय१' व 'समय२' या नावांचे सर्व्हर आहेत. भारतीय संगणक आपत्कालीन प्रतिसाद पथक अर्थात सर्ट-इन याने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार सेवा पुरवठादार, डेटा केंद्रे, कंपन्या व शासकीय संस्थांनी आपली घड्याळे या दोन संस्थांच्या किंवा त्यांच्याशी जोडलेल्या सर्व्हरशी जुळवणे आवश्यक आहे. अनेक देशांत यंत्रणा असलेल्या संस्थांना अन्य प्रमाण स्रोत वापरता येतो, मात्र त्यांची वेळ या दोन संस्थांच्या वेळेपासून ढळता कामा नये. याच निर्देशांनुसार यंत्रणेतील नोंदी १८० दिवस जपून ठेवाव्या लागतात. सायबर गुन्ह्याच्या तपासात घटनांचा क्रम या नोंदींवरूनच लावला जात असल्याने दोन्ही अटी एकमेकींना पूरक आहेत.

सुरक्षितता

मूळ एनटीपी संदेश गुप्त किंवा स्वाक्षरीयुक्त नसतात. प्रसारण पद्धतीत हा धोका अधिक असतो, कारण नेटवर्कवरील कोणतेही यंत्र सर्व्हरचे सोंग घेऊन खोटी वेळ जाहीर करू शकते. म्हणून प्रसारण केवळ विश्वासातील नेटवर्कवर व सामायिक गुप्त किल्लीच्या पडताळणीसह वापरावे, असा संकेत आहे. ग्राहक-सर्व्हर पद्धतीसाठी 'नेटवर्क टाइम सिक्युरिटी' ही सुरक्षित पद्धत २०२० मध्ये प्रमाणित झाली.

मर्यादा

एनटीपीतील सेकंदांची गणना १ जानेवारी १९०० पासून सुरू होते व ती ३२ बिटांत साठवली जाते. ७ फेब्रुवारी २०३६ रोजी हा आकडा भरून पुन्हा शून्यावर येईल. नव्या प्रणालींत त्याची तरतूद आहे, परंतु जुन्या उपकरणांत चूक संभवते. पृथ्वीच्या परिवलनाशी मेळ राखण्यासाठी घातल्या जाणाऱ्या लीप सेकंदामुळेही अडचणी येतात. १९७२ पासून असे २७ सेकंद घालण्यात आले. त्यांतील शेवटचा सेकंद भारतीय वेळेनुसार १ जानेवारी २०१७ रोजी पहाटे साडेपाचच्या ठोक्यापूर्वी मिळवण्यात आला.

कोणता स्रोत विश्वसनीय मानावा आणि जुळणी प्रत्यक्षात चालू आहे किंवा नाही, हे प्रणाली स्वतः ठरवत नाही. एकदा केलेली मांडणी वेळोवेळी तपासणे हा या व्यवस्थेचाच भाग मानला जातो.