मोंटाना गव्हर्नर निवडणूक, २०१६

मोंटाना गव्हर्नर निवडणूक, २०१६ ही अमेरिकेच्या मोंटाना राज्यात ८ नोव्हेंबर २०१६ रोजी झालेली निवडणूक होती. तीत डेमोक्रॅटिक पक्षाचे विद्यमान गव्हर्नर स्टीव्ह बुलॉक यांनी रिपब्लिकन पक्षाचे ग्रेग जियानफोर्टे यांचा पराभव करून दुसऱ्यांदा पद मिळवले. त्याच दिवशी अध्यक्षपदासाठी राज्याने रिपब्लिकन उमेदवार डोनाल्ड ट्रम्प यांना मोठे मताधिक्य दिल्यामुळे हा निकाल लक्षणीय ठरला.

पार्श्वभूमी

मोंटाना हे सुमारे १० लाख लोकसंख्येचे, शेती, पशुपालन व खाणकाम यांची परंपरा असलेले विरळ वस्तीचे राज्य आहे. अमेरिकेतील गव्हर्नर हा भारतातील राज्यपालाप्रमाणे नियुक्त नसून थेट जनतेने निवडलेला राज्याचा कार्यकारी प्रमुख असतो. मोंटानाच्या राज्यघटनेनुसार १६ वर्षांच्या कालावधीत ८ वर्षांहून अधिक काळ हे पद भूषवता येत नाही. बुलॉक हे राज्याचे माजी महाधिवक्ता असून २०१२ साली ते प्रथम गव्हर्नरपदी निवडून आले. विधिमंडळात रिपब्लिकन बहुमत असतानाही, त्या पक्षातील काही सदस्यांच्या पाठिंब्याने त्यांनी २०१५ मध्ये मेडिकेड या आरोग्य योजनेचा विस्तार घडवून आणला.

प्रचार

बोझमन येथील सॉफ्टवेअर उद्योजक जियानफोर्टे यांनी राज्यातील कमी वेतनमान आणि रोजगारासाठी बाहेर जाणारे तरुण यांवर भर दिला. प्रचारासाठी त्यांनी स्वतःचे लक्षावधी डॉलर खर्च केले.

सार्वजनिक जमिनी व नद्यांचा वापर हा प्रचारातील कळीचा मुद्दा ठरला. राज्याची सुमारे तीन-दशांश जमीन संघराज्य सरकारच्या मालकीची आहे, तर १९८५ च्या कायद्याने नद्यांच्या पात्रात भरतीरेषेपर्यंत मासेमारी व विहार करण्याचा हक्क सर्वांना दिला आहे. जियानफोर्टे यांच्या मालमत्तेतून नदीकडे जाणाऱ्या सार्वजनिक वाटेवरून २००९ मध्ये राज्याच्या वन्यजीव खात्याविरुद्ध दावा दाखल झाला होता. तो पुढे मिटला असला, तरी डेमोक्रॅटिक पक्षाने त्याचा प्रचारात वापर केला. आपण सार्वजनिक वापराच्या बाजूनेच असल्याचे जियानफोर्टे यांचे म्हणणे होते.

निकाल

बुलॉक यांना ५०.२५ टक्के, जियानफोर्टे यांना ४६.३५ टक्के, तर लिबर्टेरियन पक्षाचे टेड डनलॅप यांना ३.४० टक्के मते मिळाली. विजयी मताधिक्य सुमारे २० हजारांचे होते. ट्रम्प यांनी मात्र राज्यात सुमारे २० टक्के गुणांची आघाडी घेतली. राज्याच्या महाधिवक्ता, सचिव, लेखापरीक्षक व शिक्षण अधीक्षक या पदांवरही रिपब्लिकन उमेदवार निवडून आले. यावरून एकाच मतपत्रिकेवर हजारो मतदारांनी पदागणिक पक्ष बदलल्याचे स्पष्ट होते.

नंतरच्या घडामोडी

जियानफोर्टे २०१७ च्या पोटनिवडणुकीत प्रतिनिधिगृहावर निवडून गेले. २०२० मध्ये बुलॉक यांना कालमर्यादेमुळे पुन्हा उभे राहता आले नाही. त्या वर्षी सेनेटच्या निवडणुकीत ते स्टीव्ह डेन्स यांच्याकडून पराभूत झाले, तर जियानफोर्टे गव्हर्नरपदी निवडून आले. त्यामुळे या पदावरील डेमोक्रॅटिक पक्षाची सलग १६ वर्षांची सत्ता संपुष्टात आली.